चूल, कडी आणि रुक्मिणीवहिनींची दोरी

पिंपरीच्या आसपास राहायला जागा शोधणारे पुष्कळ झाले, पण शास्त्रोक्त पद्धतीनं जागा शोधणारा माणूस एकच झाला आणि तो मी. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारण्याचा माझा स्वभाव नाही, हे मी पूर्वीही पुष्कळांना पुष्कळ वेळा सांगितलेलं आहे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, सत्तावन्न सालची. बार्शीच्या गिरणीत अकरा वर्षं टाइम ऑफिसात काढल्यावर मला पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात टाइमकीपरची जागा मिळाली. टाइमकीपर म्हणजे काय हे लोकांना नीट माहीत नसतं. मॅनेजर कारखाना चालवतो अशी समजूत आहे, ती असू द्या. पण सकाळी साडेसातचा भोंगा झाला की खिडकीत मी बसलेला असतो. समोर पितळी बिल्ले, हातात लाल-निळी पेन्सिल. वेळेवर आलेल्याला निळी खूण. दहा मिनिटांच्या आत धापा टाकत आलेल्याच्या नावापुढं लाल अक्षरांत 'लेट, पण हजर'. दहा मिनिटांवर एक मिनिट गेलं की गैरहजर, मग तो साहेबाचा मेहुणा का असेना. अकरा वर्षांत माझ्या स्वतःच्या नावापुढं लाल पेन्सिल कधी लागली नव्हती.

आता इंदूचं सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यापासूनच सुरू होतं. इंदू म्हणजे आमचं कुटुंब. बार्शीच्या आमच्या घरात माणसं चौदा आणि चूल एक, आणि त्या चुलीवर राज्य थोरल्या वहिनींचं. आठ वर्षांत इंदूला भाकरी थापायची परवानगी होती, आमटीत मीठ घालायची नव्हती. मी पिंपरीला निघालो तेव्हा तिनं माझी पिशवी भरली, डबा बांधला आणि म्हणाली, "मला बंगला नको. एक चूल पाहिजे, माझी. आणि एक दार पाहिजे, आतून कडी लागणारं."

"कडी कशाला?" मी विचारलं.

"असू द्या," ती म्हणाली. मग डब्याची गाठ आवळत म्हणाली, "रामनवमी झाली की दुसऱ्या दिवशी मालोजीदादा मला घेऊन तिकडं येतोय. जागा असली तर राहीन. नसली तर त्याच दिवशी त्याच्याबरोबर परत. आणि एकदा परत आले की या घरातून पुन्हा निघायचं बळ माझ्यात नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

मी हसलो. म्हणालो, "अगं, तू काळजीच सोड. चूल आणि कडी, एवढंच ना?"

हसायला नको होतं.

कामावर रुजू झालो त्याच दिवशी ज्योतीराम माझ्याकडं आला. ज्योतीराम आमच्याच टाइम ऑफिसातला, पण क्वार्टरची यादीही त्याच्याकडं असायची. म्हणाला, "उद्धवराव, नशीबवान आहात. एकोणीस नंबरचं क्वार्टर मोकळं झालंय. खोली, स्वयंपाकघर, नळ. सही करा."

आता कुणीही शहाण्या माणसानं काय केलं असतं? सही. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "न पाहता?"

"पाहायचंय काय त्यात राव? अठरा नंबरसारखंच एकोणीस आहे."

"ज्योतीराम," मी म्हणालो, "पानगावकरांच्या घराण्यात बैलसुद्धा दात पाहिल्याशिवाय घेत नाहीत. मी आधी सगळा परिसर पाहणार, तुलना करणार, मग ठरवणार."

ज्योतीरामनं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, यादी घडी करून खिशात घातली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकोणीस नंबर फिटर खात्यातल्या एका माणसाला देऊनही टाकला. दुपारी मी सहज, अगदी सहज, चौकशी केली तेव्हा म्हणाला, "आता पुढचं क्वार्टर दिवाळीनंतर. तोवर करा तुलना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी एक नवी वही घेतली आणि पहिल्याच पानावर प्रामाणिकपणे लिहिलं, 'क्वार्टर नं. १९. न पाहता सोडले. चूक झाली. इंदूला सांगू नये.' मग पान उलटलं आणि तक्ता आखला. उभे रकाने सात : पाणी, स्टेशन, दळण, डॉक्टर, शेजार, चूल, कडी. आडव्या ओळींत गावांची नावं. प्रत्येकाला दहापैकी गुण. आमच्या कारखान्यात मोठमोठे इंजिनियर आहेत, पण असा तक्ता त्यांच्यापैकी एकाच्याही टेबलावर मी आजवर पाहिलेला नाही.

उतरलो होतो तळेगाव दाभाड्याला, अर्जुनरावाकडं. अर्जुनराव माझा मावसभाऊ. माणूस फार प्रेमळ. त्याला एकच खोड, तळेगावची हवा. तुम्ही त्याला किती वाजले विचारा, तो हवेबद्दल सांगेल. "अरे, मुंबईचे डॉक्टर पेशंटला इथं पाठवतात," तो म्हणायचा. "आणि तू जागा शोधत हिंडतोस? इथंच राहा. नुसता श्वास घेतलास तरी पोट भरतं." त्याचं कुटुंब म्हणजे रुक्मिणीवहिनी, त्या आतून म्हणायच्या, "मग उद्या स्वयंपाक नको करू ना?" तेव्हा तो पाट मांडायला उठायचा.

पण न मोजता गुण देणं मला पटेना. अंतर मोजायला साधन हवं. वहिनींची कपडे वाळत घालायची दोरी चांगली लांब होती. ती मी मागून घेतली आणि दर दहा हातांवर एक गाठ मारली. वहिनींच्या जुन्या लुगड्याचा काठ तांबडाभडक होता, त्याची फडकी फाडून काठ्यांना बांधली, म्हणजे कुठवर मोजलं ते लांबून दिसावं. डोक्यावर सासऱ्यांनी दिलेली सोला हॅट. ती हॅट मी एरवी घालत नाही, पण शास्त्रीय कामाला ती शोभून दिसते.

पहिल्या रविवारी अर्जुनरावाच्या घरापासून तळेगाव स्टेशनपर्यंतचं अंतर मोजायला काढलं, पण आमची दोरी एका टांग्याच्या चाकात गुंतली, टांगेवाला आणि अर्जुनराव यांच्यात दोरी आधी की टांगा आधी यावर वाद झाला आणि काम अर्धवट राहिलं. म्हणून सोमवारी सकाळी स्टेशनवर जाता जाता उरलेलं अंतर मोजावं असं मी ठरवलं. अचूक मोजलं, एका हाताचाही फरक नाही. आणि शेवटची गाठ प्लॅटफॉर्मच्या काठाशी टेकली तेव्हा गाडीचा शेवटचा डबा तिथून निघत होता.

पुढच्या गाडीनं गेलो, फाटकातून धावत आत शिरलो. भोंगा होऊन नऊ मिनिटं झालेली. खिडकीपुढं चाळीस माणसं उभी, आत ज्योतीराम एकटाच घामाघूम. मी खुर्चीत बसलो. सगळे माझ्याकडं बघत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "आता यांचं काय लिवायचं भाऊ?"

मी पेन्सिल उचलली, लाल टोक पुढं केलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं : 'उ. ना. पानगावकर. लेट, पण हजर.' अक्षर मात्र मी बिघडू दिलं नाही. तळेगावला स्टेशनच्या रकान्यात शून्य दिलं. अर्जुनरावानं हवेचा आठवा रकाना आखण्याचा आग्रह धरला, तो मी फेटाळला.

दुसरा रविवार चिंचवड गावठाणाचा. गाव जुनं, देवस्थान मोठं, स्टेशन चालत जाण्यासारखं, दळणाला गिरणी कोपऱ्यावर. गुण भराभर चढत होते. मंजुळाबाई म्हणून एक वयस्कर घरमालकीण होत्या, त्यांच्या माडीवरची खोली रिकामी होती. त्यांनी मला जोत्यावर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाव कुठलं, कुळ कुठलं, माणसं किती, कांदा खाता का, रात्री घोरता का, बायको मोठ्यानं बोलते का. बार्शीत पोलीस भरतीला गेलो होतो तेव्हा एवढी चौकशी झाली नव्हती. मी सगळी उत्तरं दिली. घोरण्याबद्दल थोडं खोटं बोललो.

"ठीक आहे," मंजुळाबाई म्हणाल्या. "माणूस बरा दिसतोस. दे पाठवून मुलीला. माझ्या हाताखाली तयार होईल."

"हाताखाली?"

"म्हणजे काय? चूल खाली एकच आहे. माडीवर विस्तव नेलेला मला चालत नाही. माझं आवरलं की तिनं करावं. पण फोडणी मला दाखवून."

मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि उतरलो. माझ्या डोळ्यांपुढं थोरल्या वहिनी उभ्या राहिल्या, फक्त पातळाचा रंग वेगळा. त्या गावात मी आणखी सहा जागा पाहिल्या. कुठं चूल होती तर दार नव्हतं, कुठं दार होतं तर ते मालकांच्या माजघरातून होतं. चिंचवडचे एकूण गुण चांगले आले. शेवटचे दोन रकाने मात्र कोरे राहिले.

आता एकच रविवार हातात उरला, आणि रामनवमी त्याच आठवड्यात. इंदूचं कार्ड आलं होतं. 'चार भांडी बांधली आहेत. चिमटा घेतला. मीठ तिकडं घेऊ.' एवढंच. ते 'मीठ तिकडं घेऊ' मी तीनदा वाचलं. मी कारखान्यात जाऊन ज्योतीरामपुढं मान खाली घातली. म्हणालो, "कुठंही सांग."

तो म्हणाला, "पुण्यात बघा."

"पुण्यात एका खोलीला तीन महिने लागतात, तूच म्हणाला होतास."

"मग मला काय विचारता? नदीपलीकडं पिंपळे गुरव आहे. पण तिथं आपल्यासारखा नोकरदार कोण राहणार?"

तिथं नोकरदार कोणी राहत नाही म्हणजे मालकिणीही चौकशी करत नसणार, असा मी हिशेब केला. रविवारी दापोडीला उतरलो, बूट हातात घेऊन पवना ओलांडली. पाणी गुडघ्याएवढं. पावसाळ्यात ते किती होईल, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. तो मी नंतर भरला, आणि त्या पावसाळ्यात माझ्या नावापुढं किती वेळा लाल पेन्सिल लागली ते इथं सांगायची जरूर नाही.

काठावर पहिली काठी रोवली, तांबडं फडकं फडफडलं. दोरी ताणली आणि गावाकडं मोजत निघालो. काय मळे होते! पेरूच्या बागा, कांद्याचे हिरवेगार वाफे, मोटेचा कुरकुराट. विहिरीवर एक तगडा माणूस मोट हाकत होता. पुढं कळलं की त्याचं नाव गेनू. त्यानं माझी हॅट पाहिली, दोरी पाहिली, मागं रोवलेली तांबडी काठी पाहिली आणि बैल जागच्या जागी थांबवले.

"रामराम," मी म्हणालो. "पाणी कसं आहे इथलं?"

"पाणी?" गेनू म्हणाला. "न्हाई साहेब. हीर आटली."

"अहो, पाटात वाहतंय की. माझे पाय भिजले."

त्यानं पाटाकडं पाहिलं. "त्ये व्हय? त्ये कालचं हाय."

मी लिहून घेतलं. पुढं डोक्यावर भरलेली घागर घेतलेली एक बाई भेटली. तिलाही विचारलं. घागरीतलं पाणी तिच्या कपाळावरनं ओघळत होतं आणि ती सांगत होती की गावात पाण्याचा थेंब न्हाई. मुरारी नावाचा एक चष्मेवाला माणूस तर आपण होऊन बांध ओलांडून आला. म्हणाला, "साहेब, जागा वंगाळ. साप लय. त्या चिंचेवर भूत हाय."

"कुठल्या चिंचेवर?"

"कुठल्या बी," तो म्हणाला.

मला मोठं नवल वाटलं. अर्जुनराव तळेगावच्या नुसत्या हवेवर तासभर बोलतो आणि ही माणसं आपल्या सोन्यासारख्या गावाला नावं ठेवतात! मग राग आला. बार्शीच्या माणसाला जागा द्यायची नाही असा यांचा कट दिसतो. वहीत लिहिलं, 'पाणी शून्य, साप दहा, भुते सर्व चिंचांवर.' एका घरापुढं गवराबाई नावाच्या म्हातारीनं मला ताक दिलं. असं ताक मी जन्मात प्यालो नव्हतो, तसं सांगितलंही. ती घाईघाईनं म्हणाली, "म्हस आटलीया बाबा. शेवटचंच ताक हाय." मागं गोठ्यात म्हैस हंबरली. गवराबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की म्हैस पुन्हा हंबरली नाही.

परत फिरून पाहतो तर माझी एकही काठी जागेवर नाही. एक फडकं गेनूच्या बैलाच्या शिंगाला बांधलेलं. दोरी ओढली तर हातात आली ती निम्मीच. कुणीतरी विळ्यानं कापली होती. रुक्मिणीवहिनींना काय सांगू, या विचारात मी उभा असतानाच आठदहा जण मला घेऊन चावडीवर गेले. घेऊन गेले म्हणजे दंडाला धरून. एका टाइमकीपरला, सोला हॅटसकट.

चावडीवर सगळं गाव जमलं होतं. गेनू पुढं आला. त्याचा आवाज चढलेला होता. "साहेब, तुमाला ताक पाजलं, गोड बोललो. पर आता सांगतो. पलीकडं पिंपरीकडच्या शिवारात असंच झालं. आदी टोपीवाला आला, मग दोरी, मग तांबडी निशाणं, आन मग कागद आला की जमीन कारखान्याला गेली. आमचा आजा ह्या मळ्यात मेला. आमी जमीन द्याची न्हाई. लिवा तुमच्या वहीत."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हणालो, "अहो, मी मोजणीदार नाही! मी राहायला जागा बघतोय."

चावडीत हशा पिकला. "राहायला जागा बघनारा मानूस दोरी घिऊन हिंडतो व्हय?" गवराबाई मागून म्हणाली.

शास्त्रोक्त पद्धत चावडीत समजावणं अवघड असतं. मुरारीनं माझ्या हातातली वही काढून घेतली. तो चार इयत्ता शिकलेला. त्यानं चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "क्वार्टर नंबर एकोणीस. न पाहता सोडले. चूक झाली. इंदूला सांगू नये."

"इंदू कोन?" गेनूनं विचारलं.

"माझी बायको," मी म्हणालो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

मुरारी पुढं वाचत गेला. तळेगाव, चिंचवड, प्रत्येक ओळीचे गुण. "चूल, फोडणी दाखवून. नापास. चूल आहे, दार नाही. नापास. कडी. कडी. कडी नाही." मधेच थांबून त्यानं विचारलं, "ही कडी कसली?"

मग मी सांगितलं. आधी शरमेनं, मग रागानं, आणि शेवटी शरम राहिली नाही आणि रागही राहिला नाही. चौदा माणसं, एक चूल, आठ वर्षांचं मीठ. शुक्रवारी ती येणार आणि जागा नसली तर परत जाणार, आणि हे सगळं मी एका सहीपायी, नुसत्या ऐटीपायी घालवलं. इतक्या माणसांपुढं असं बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

गवराबाई उठली. "गेन्या, दंड सोड त्याचा," ती म्हणाली. गेनू तिचा मुलगा, हे मला तेव्हा कळलं. "आपल्या थोरल्याची खोली बंदच हाय. त्यो ममईला गिरनीत, त्याला हिकडं याला सवड न्हाई. द्या ह्या बाबाला. बायकूच्या चुलीपायी गावभर दोरी वढत हिंडनारा मानूस म्या तरी पयल्यांदाच बघतीया."

"पर आये, एक अट हाय," गेनू म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "सरकारी कागद आला तर आमास्नी वाचून दावायचा. आन खरा मोजनीदार आला तर तुमी बी आमच्या बाजूनं दोरी धरायची. त्याची दोरी लबाड हाय का खरी, आमास्नी काय कळतंय?"

मी छाती पुढं काढली. म्हणालो, "माझ्या दोरीत एका हाताची चूक निघणार नाही." ही मात्र बढाई नव्हती. तिथल्या तिथं गेनूनं दोरीचे दोन तुकडे गाठ मारून मला परत दिले.

खोली पाहिली. भिंती शेणामातीनं नीट सारवलेल्या, वर कौलं, बाहेर पेरूचं झाड, विहीर वीस पावलांवर आणि तुडुंब भरलेली. दार सागवानी. कडी मात्र बाहेरून होती, आतून नव्हती. गेनूनं गावच्या लोहाराकडून आतली कडी घडवून घेतली. तीन दिवस मी रोज शिफ्ट सुटल्यावर नदी ओलांडून जायचो आणि ती कडी लावून काढून, लावून काढून पाहायचो. बाहेर बसलेली म्हातारी माणसं माझ्याकडं बघत राहायची. ज्योतीरामला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पिंपळे गुरव? तुलना करून तुम्ही हे निवडलंत?" मी म्हणालो, "हो. सात रकान्यांत तपासून." दिवाळीनंतरचं क्वार्टर मी तिथल्या तिथं नाकारलं. या वेळी आपली जागा पाहून.

शुक्रवारी अर्धी रजा काढून, गेनूची बैलगाडी घेऊन दापोडीला गेलो. गाडी थांबली. इंदू उतरली, मागं ट्रंक घेऊन मालोजीराव. माझा मेहुणा म्हणजे कमी बोलणारा आणि जास्त बघणारा माणूस. नदीत बैलांनी पाय टाकले तेव्हा त्यानं फक्त एवढंच विचारलं, "परतीची गाडी पाचची ना?"

"बघा तरी आधी," मी म्हणालो. मनात उकळ्या फुटत होत्या. मी त्यांना विहीर दाखवली, पाट दाखवला, पेरू दाखवला. मोट पाहून इंदू हसली. मग दार उघडलं आणि दोघांना आत नेलं. "ही खिडकी. ही फळी. आणि ही," मी कडी खणकन लावून दाखवली, "ही कडी!"

इंदू चहूकडं बघत होती. मालोजीरावही बघत होता. मग तो म्हणाला, "चूल कुठाय?"

मी कोपऱ्याकडं बोट केलं. कोपरा रिकामा होता. सारवलेला, स्वच्छ, आणि रिकामा. अहो, मी विहिरीपर्यंतची पावलं मोजली, दाराची उंची मोजली, हाताला घट्टे पडेपर्यंत कडी लावली, काढली आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं केलं तीच खोलीत नाही हे मला कळलं नव्हतं! इंदूचा चेहरा उतरला. मालोजीरावानं ट्रंक उचलली.

तेवढ्यात गवराबाई दारात आली. लुगड्याच्या ओच्यात नदीतले तीन दगड, डोक्यावर पाटी, तीत माती, काटक्या आणि डाळमिठाची पुडकी. "थोरल्याच्या बायकूची चूल म्या आयतवारीच काढून टाकली," ती म्हणाली. "दुसरीच्या चुलीवर नव्या बाईनं रांधू न्हाई. आमच्याकडं घरात यील तिनं आपल्या हातानं मांडायची. घे लेकी, आजच्याला हे तीन दगूड मांड. उद्या माती मळून चूल घालू. आन पोरी, ह्यो बाबा लय चांगला हाय बग. कारखान्याचं क्वार्टर सोडून आला तुज्यापायी."

इंदूनं वर पाहिलं. "कुठलं क्वार्टर?"

"एकोनीस नंबर," गवराबाई म्हणाली. "सैपाकघर हुतं, नळ हुता. न बघताच सोडलं. तुला सांगू नगं म्हनून वहीत लिवलंय. साऱ्या गावाला ठावं हाय."

इंदूनं म्हातारीच्या हातून दगड घेतले. मालोजीरावाच्या हातून ट्रंक घेतली आणि त्याला म्हणाली, "दादा, तू जरा बाहेर." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हीपण."

आम्ही बाहेर आलो, पाटी टेकवून गवराबाईही. दार लागलं, आणि आतून कडी. काय आवाज आला त्या कडीचा! लोहारानं काम चोख केलं होतं.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. उन्हात मी, मालोजीराव आणि बैल. गेनू आला, मुरारी आला, चावडीवरची निम्मी माणसं हळूहळू पेरूच्या झाडाखाली जमली. "साहेब, भाईर का?" गेनूनं विचारलं.

"दार लागतं का ते पाहतोय," मी ताठ मानेनं म्हणालो.

"लागतंया की."

"लागतंय," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा मॅट्रिक पास झालो तेव्हाही वाटला नव्हता. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या बायकोनं एक दार लावलं होतं. ते माझ्याच तोंडावर लावलं ही बाब वेगळी. आतून दगड सरकवल्याचा आवाज आला, मग काटक्या मोडल्याचा. मग कौलांतून धूर निघाला. मालोजीरावानं धुराकडं पाहिलं आणि कोटाच्या खिशातलं पाचच्या गाडीचं तिकीट विसरून झाडाखाली बसला.

दोन वाजून एकावन्न मिनिटांनी कडी निघाली. इंदूच्या गालाला काजळी, डोळे धुरानं लाल, का रडून, ते मी विचारलं नाही. तिच्या हातात वाटी होती, वाटीत आमटी.

"चाखून बघा," ती म्हणाली. "मीठ मी घातलंय."

खारट होती. आठ वर्षांचं मीठ एकदम पडलं असावं. मी वाटी रिकामी केली आणि म्हणालो, "झक्क."

"खोटं बोलू नका. ती वही कुठाय?"

मी वही दिली. तिनं पहिलं पान वाचलं, मग तक्ता वाचला, प्रत्येक ओळीवर बोट फिरवून. 'चूल' आणि 'कडी' या रकान्यांवर तिचं बोट बराच वेळ थांबलं. मग म्हणाली, "सात रकाने आखलेत. नवऱ्याचा कुठाय?"

"तो नाही आखला."

"आखा."

मी आखला आणि त्यात स्वतःचं नाव लिहिलं. तिनं माझ्या खिशातली पेन्सिल काढली, उलटी केली आणि लाल टोकानं, आपल्या शाळेतल्या गोल अक्षरांत माझ्या नावापुढं लिहिलं : 'लेट, पण हजर.'